जिनिंगमधली शिफ्ट: नवखे, जाणते, टोळी आणि मुकादम, सगळ्यांशी एकाच सुरात चालेल का?

धरणगाव_जिनिंग यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये यंदाच्या हंगामापासून शिफ्ट इन्चार्ज आहे. २४ डीआर (डबल रोलर, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणारी जिन मशीन), रुईच्या गाठी बांधणारी एक हायड्रॉलिक प्रेस, १२-१२ तासांच्या दोन पाळ्या. चोवीस तासांत १४०-१५० गाठी निघाव्यात अशी अपेक्षा आहे.

माझ्या पाळीतली माणसं अशी:

फिटर दोन. त्यातल्या एकाला सगळे नाना म्हणतात, साठीला आलेले, डीआरचं सेटिंग हातच्या अंदाजाने करणारे. प्रेसवर आठ जणांची टोळी, चार हंगाम एकत्र काम केलेली. जिनवर कापूस सोडायला सोळा जण, त्यातले अकरा सातपुड्याच्या पायथ्याकडचे पावरा आदिवासी तरुण, कारखान्यात पहिल्यांदाच आलेले, मुकादमामार्फत. सुतळी, प्लास्टिक, केस वेचायला गावातल्या नऊ बाया. शिवाय काटा आणि ग्रेडिंगवर दोघं.

मालकांचं म्हणणं, धाक पाहिजे, नाहीतर कापूस उडतो आणि माणसंही. प्रशिक्षणाला पाठवलं तिथे सांगितलं, सगळ्यांना विचारात घ्या. मला दोन्ही अर्धवट वाटतं. नेमके प्रश्न:

१. कुणाला हुकूम द्यायचा, कुणाला विचारायचं, कुणावर सोपवायचं, हे ठरवायची काही रीत आहे का?
२. रात्री बारानंतर प्रेस ढिली पडते. ओरडलं की अर्धा तास नीट चालतं, मग पुन्हा तेच.
३. आगीच्या वेळी काय? तिथे चर्चेला वेळ नाही.
४. सकाळी एक सूर आणि दुपारी दुसरा लावला तर लोक म्हणतील साहेबाचा भरवसा नाही. हे कसं टाळायचं?

---

शॉपफ्लोअर_जळगाव

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, बाकीचं इतर जाणकार सांगतील.

रीत आहे. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९६९ मध्ये मांडलेला विचार कारखान्यांत आजही शिकवला जातो. मराठीत त्याच्या चार पायऱ्या अशा होतात: सांगणं, समजावणं, सोबत घेणं, सोपवणं. नुसती नावं पाठ करून उपयोग नाही. त्यातली कामाची गोष्ट ही की पायरी माणसाची नसते, माणूस आणि काम या जोडीची असते. तुमचे नाना डीआरच्या सेटिंगमध्ये चौथ्या पायरीवर आहेत. उद्या प्रेसला नवीन कंट्रोल पॅनल बसवलं की त्या पॅनलपुरते तेच नाना पहिल्या पायरीवर येतात. इथे फार मोठी चूक होते. त्यांचा मान म्हणून पॅनल कुणी शिकवत नाही, आणि विचारायची लाज वाटते म्हणून ते विचारत नाहीत. पाळी सुरू होण्याआधी, आजूबाजूला कुणी नसताना, पॅनल बसवणाऱ्याला त्यांच्याशेजारी अर्धा तास उभं करा. चारचौघांत नको.

पायरी ठरवायला दोन प्रश्न पुरतात. हे काम त्याला येतं का? आणि ते करायची त्याची तयारी आहे का, म्हणजे मनही आणि धीरही? "येतं का रे?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "करून दाखव" म्हणा आणि दहा मिनिटं गप्प उभे राहा. हात अडखळतो तिथे येत नाही. हात चालतो पण डोळे तुमच्याकडे वळत राहतात, तिथे येतं पण धीर नाही. या दोघांना एकच औषध देऊन चालत नाही. पहिल्याला शिकवायचं असतं, दुसऱ्याच्या शेजारून फक्त बाजूला व्हायचं असतं.

आता तुमचे अकरा नवे. त्यांच्याशी पहिले तीन दिवस सरळ सांगण्याचा सूर ठेवा. यात अपमान काही नाही. नव्या माणसाला "तुला कसं वाटतं" विचारलं तर तो जास्तच घाबरतो, कारण त्याच्याकडे सांगायला काही नसतं. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी द्या:

कापूस पातळ, सारखा सोडायचा, गोळा कोंबायचा नाही. तुंबलं तर हात घालायचा नाही, काठीही घालायची नाही, मशीन बंद करून फिटरला बोलवायचं. दगड, खिळा, तार दिसली की आधी थांबायचं आणि मग उचलायची.

शिकवायचा क्रम: मशीन बंद असताना तुम्ही सावकाश दाखवा, मग चालू मशीनवर तुम्ही करा, मग तो करेल आणि तुम्ही बाजूला उभे राहाल, आणि शेवटी तोच तुम्हाला सांगेल की हात का घालायचा नाही. हा शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो. नुसता हुकूम पाठ असलेला माणूस घाईच्या वेळी तो मोडतो. कारण माहीत असलेला सहसा मोडत नाही.

डीआरच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खुणा आधी ठरवा. दोन्ही हात डोक्यावर फुली म्हणजे बंद, तळहात खाली दाबला म्हणजे कापूस कमी सोड, मूठ वर म्हणजे फिटर पाहिजे. खुणा ठरलेल्या नसतील तर इन्चार्ज ओरडतो, समोरच्याला फक्त रागावलेला चेहरा दिसतो, आणि तुम्ही शिवी दिली असं तो धरून चालतो.

चौथ्या ते दहाव्या दिवसात घसरण येते. नवेपण गेलेलं असतं, हात दुखतात, रुईच्या धुळीने खोकला येतो, घर आठवतं. काम अर्धं येतं आणि उमेद कमी झालेली असते. हंगामी कामाला आलेली माणसं पळतात ती बहुधा याच दिवसांत. इथे सूचना चालू ठेवायच्या, त्यात विचारपूस घालायची. नाकाला रुमाल किंवा मास्क पाहिजेच, आणि पाळीत एकदा जवळ जाऊन, काय बरोबर केलंस ते नेमकं सांगायचं. "छान" म्हणू नका. "आज तुझ्या दोन मशीन एकदाही तुंबल्या नाहीत" असं म्हणा.

सलग दोन पाळ्या चूक नाही तर एक पायरी वर. चूक वाढली तर एकच पायरी खाली. जाणत्या माणसाचं काम बिघडलं म्हणून त्याला एकदम नवख्यासारखं हुकमावर आणलं तर तो दुसरी जिनिंग बघतो.

एक सावधगिरी. या विचाराची १९८७ मध्ये व्हेक्चिओ या अभ्यासकाने शाळांमधल्या शिक्षकांवर तपासणी केली. नव्या माणसांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खरा ठरला, मुरलेल्यांच्या बाबतीत पुरावा कच्चा निघाला. म्हणून नव्या पोरांसाठी हा तक्ता बिनधास्त वापरा, जुन्यांसाठी तक्त्यापेक्षा माणसाशी बोलणं जास्त खरं.

---

कापूसपट्टा

एवढं कशाला करायचं भो? मालक बरोबर बोलतात. हंगाम चार-पाच महिन्यांचा, माणसं दरवर्षी नवी. धाक ठेवा, काम होतं.

---

शॉपफ्लोअर_जळगाव

होतं, तुम्ही उभे असेपर्यंत. कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच मुद्द्यावर आहे. आयोवात दहा वर्षांच्या मुलांचे गट, काम मुखवटे बनवायचं, आणि गटप्रमुख तीन तऱ्हांचे: हुकूम देणारा, सगळ्यांबरोबर ठरवणारा आणि सोडून देणारा. हुकमी गटाचं काम भरपूर झालं, पण प्रमुख खोलीबाहेर गेला की हात थांबायचे. बरोबर ठरवणाऱ्या गटाचं काम तो नसतानाही चालू राहायचं. सोडून देणाऱ्याच्या गटाचं काम सगळ्यात कमी. प्रयोग मुलांवरचा आहे, त्यातून सगळंच सिद्ध होत नाही. पण धरणगावच्या भाऊंचा दुसरा प्रश्न वाचा: ओरडलं की अर्धा तास नीट चालतं, मग पुन्हा तेच. २४ मशीन, प्रेस, काटा आणि गंजी (अंगणातला कापसाचा ढीग) एवढ्या ठिकाणी एक माणूस एका वेळी उभा राहू शकत नाही. धाकाचं गणित तिथेच बसत नाही.

---

रुईगाठ

प्रेसवाल्यांवर ओरडण्याआधी आकडे मांडा, दादा. बहुतेक वेळा चूक त्यांची नसते.

साधी डीआर तासाला साधारण ५० किलो रुई देते असं धरा. २४ मशीन म्हणजे १,२०० किलो. गाठ १७० किलोची, म्हणजे तासाला ७ गाठी. बारा तासांत ८४, दोन पाळ्यांत १६८. थांबे आणि साफसफाई वजा केली की तुमच्या १४०-१५० येतात. म्हणजे अपेक्षा रास्त आहे. पण तुमची प्रेस तासाला १०-१२ गाठी बांधायच्या ताकदीची असेल, आणि बहुतेक असतेच, तर प्रेस नेहमीच रुईची वाट बघणार. प्रेसवर माणसं बसलेली दिसतात कारण रुई दाबायची पेटी भरलेली नसते.

रात्री बारानंतर काय बदलतं? डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगली थंडी पडते, उघड्या गंजीवर दव बसतं. ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेला कापूस नीट जिन होतो. त्यापुढे सरकीवरून रुई सुटायला जड जाते, रोलरवर गुंडाळते, मशीन तुंबते. (१२ टक्क्यांच्या वर सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, कापूस घेतच नाही, यावरून ओलाव्याचं महत्त्व कळेल.) मशीनमागे ५० चे ४० किलो झाले की तासाला साडेपाच गाठी. म्हणजे "ढिली प्रेस" तुमच्या अंगणातल्या गंजीवर तयार होत असते, आणि बोलणी आठ जण खातात.

म्हणून आधी पाच रात्री एक वही ठेवा. दर तासाला चार नोंदी: किती गाठी, किती मशीन चालू, ओलावामापकाचा आकडा, आणि प्रेस रुईसाठी किती मिनिटं थांबली. वही टोळीतल्याच एकाला लिहू द्या. प्रेस थांबल्याची मिनिटं जास्त असतील तर दोष मागे आहे, जिनवर किंवा गंजीवर. पेटी भरलेली आहे आणि तरी दाब बसत नाही, तर दोष प्रेसवर. तोही माणसांचाच असेल असं नाही, तेल तापलेलं असतं, गाठ बांधायच्या पट्ट्या किंवा तारा कापून तयार नसतात.

वही हातात आल्यावर टोळीसमोर बसा आणि विचारा. ही टोळी तिसऱ्या पायरीवर आहे, काम येतं पण मन उडालंय. चार हंगामांच्या लोकांना रोज बोलणी मिळाली की मन उडणारच. प्रश्न असा विचारा: "बारानंतर पेटी भरत नाही असं वही सांगते. काय करता येईल?" "तुम्ही हळू का?" असं विचारलंत तर तिथेच बोलणं संपतं. त्यांच्याकडून सहसा तीन उपाय येतात: कोरडा लॉट रात्रीसाठी राखायचा, गंजी सूर्यास्ताआधी ताडपत्रीने झाकायची, आणि साफसफाईचा थांबा बारा ते दोनमध्ये घ्यायचा, म्हणजे तो वेळ वाया जात नाही. हेच तुम्ही आधी सांगितलं तर तो तुमचा हुकूम. त्यांनी सांगितलं तर ताडपत्री झाकली का हे तेच बघतील.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. बारा तासांच्या पाळीत ठरल्या वेळेपेक्षा जास्तीच्या तासांना दुप्पट दर हा कायदा आहे. तो मिळत नसेल तर कुठलाही सूर लावा, रात्री दोन वाजता हात जड होणारच. हा विषय आधी मालकांशी बोला, टोळीशी नंतर.

---

सेटिंगवाला

नानांबद्दल.

सोपवणं म्हणजे "नाना, तुमचं तुम्ही बघा" असं नाही. ते नुसतं सोडून देणं झालं, लेविनच्या तिसऱ्या गटासारखं. सोपवताना चार गोष्टी बोलून घ्याव्या लागतात, आणि एकदाच नीट बसून.

काय पाहिजे: पाळीत २४ पैकी २३ मशीन चालू, आणि सरकीवर रुई शिल्लक राहणार नाही. कुठपर्यंत मोकळीक: कुठली मशीन कधी थांबवायची, कुठल्या रोलरला नवी खाच पाडायची, हे नाना ठरवतील, विचारायची गरज नाही. कुठे विचारायचं: सुटे भाग विकत आणायचे असतील, किंवा एका वेळी दोनपेक्षा जास्त मशीन थांबवायच्या असतील. आणि कधी भेटायचं: पाळीत दोनदा, चहाला, पाच मिनिटं. मध्ये जाऊन खांद्यावरून डोकावायचं नाही.

डोकावणं का वाईट, ते जवळून बघा. नाना मशीनपाशी आले की आधी हात लावत नाहीत. नाकाने ओळखतात. चामड्याच्या रोलरचा करपट वास आला तर सुरी रोलरवर जास्त दाबली गेली आहे. मग पालथा हात बेअरिंगच्या घराजवळ नेतात, उष्णता लागली की समजतं. दाब जास्त तर रोलर तापतो, झिजतो, रुई पिवळसर पडते आणि ठिणगीचं कारण तयार होतं. दाब कमी तर रोलर तंतू धरत नाही आणि उत्पादन पडतं. या दोन्हींच्या मधली जागा त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. नेमकं त्या वेळी मागे उभं राहून "नाना, मशीन कधी चालू होईल?" विचारलं, तर माणूस घाईने दाब वाढवतो. तासाभराचं उत्पादन मिळतं आणि रोलर जातो.

त्यांच्याशी बोलण्याची तऱ्हाही आहे. सगळ्यांसमोर "नाना, तुमले काय वाटस?" असं आपल्या अहिराणीत विचारलं की पोरांनाही कळतं, मशीनच्या बाबतीत शब्द कुणाचा आहे. मग तुंबलेल्या मशीनपाशी पोरं तुमच्याकडे न धावता नानांकडे जातात, आणि तुमचा अर्धा भार हलका होतो.

एक अट मात्र नानांनाही सुटत नाही. चालू मशीनमध्ये हात नाही. जुने फिटर सवयीने चालू पट्ट्याजवळ काम करतात आणि कुणी बोलत नाही, कारण ते मोठे. इथे सोपवणं संपतं, सांगणं सुरू होतं. एकांतात सांगा, आदराने सांगा, पण "बघा, जमलं तर" असं म्हणू नका. पोरं नानांकडे बघून शिकतात.

---

लाल_बादली

आगीचं मी लिहितो. इथे फक्त हुकूम, आणि तो आधीच पाठ झालेला.

आगीत "कुणीतरी ब्लोअर बंद करा" असं ओरडलं की कुणीच करत नाही. प्रत्येक काम पदाला बांधा, आणि पाळीच्या सुरुवातीला आज त्या जागेवर कोण आहे ते म्हणवून घ्या. क्रम असा:

१. "कापूस बंद!" फीडिंगवरचा पहिला माणूस. जिनला नवा कापूस जाणं थांबलं पाहिजे.
२. "ब्लोअर बंद!" इलेक्ट्रिशियन, तो नसेल तर धाकटा फिटर. ठिणगी रुईबरोबर ओढली जाऊन काही सेकंदांत प्रेस हॉलमध्ये पोहोचते. आग एका मशीनची असते, ब्लोअर तिला सगळ्या कारखान्याची करतो.
३. "लाइन बंद!" त्या भागाची वीज. आगीच्या पंपाची लाइन वेगळी पाहिजे. मेन पाडली आणि पंपही बंद पडला, असं होऊ देऊ नका. आजच जाऊन तपासा.
४. "गेटवर!" बाकीचे सगळे. मुकादम हजेरीच्या वहीवरून माणसं मोजेल. वेचणाऱ्या बाया सगळ्यात आधी बाहेर, पदर आणि ओढणी झटकन पेट घेते.

पाणी मारणारे चौघं ठरलेले, पाचवा मध्ये नको. जळती रुई फावड्याने ओढत दुसऱ्या ढिगाजवळून न्यायची नाही. रुईची ज्वाळा विझली तरी आत निखारा धुमसत राहतो. ढीग फोडून, थर उलगडून आतपर्यंत भिजवावा लागतो. नुसता पावडरचा सिलिंडर मारून परत फिरायचं नाही. त्या वेळी दाबली गेलेली गाठ गोदामात मुळीच नको. उघड्यावर, इतर मालापासून लांब, आठवडाभर नजरेखाली ठेवा. गाठीच्या पोटातला निखारा दिवसांनी बाहेर येतो.

सराव पंधरा दिवसांतून एकदा, पाळी बदलताना, दोन्ही पाळ्या हजर असतात तेव्हा. सात-आठ मिनिटं पुरतात.

आता तुमच्या विषयाचा खरा मुद्दा. ज्वाळा विझल्याक्षणी तुमचा सूर बदलला पाहिजे. मशीन पुन्हा कधी सुरू करायची हा निर्णय तुमचा नाही, नानांचा. बेअरिंग, रोलर, सुरी तपासून ते हो म्हणतील तेव्हाच. आणि त्याच पाळीत सगळ्यांना दहा मिनिटं बसवा. पहिला प्रश्न "ठिणगी कुठून आली?" हा. दगड होता, खिळा होता, रोलर तापला होता, बेअरिंग होतं, की बिडी होती? सगळ्यात नव्या पोराला आधी बोलू द्या, तोच मशीनच्या सगळ्यात जवळ होता.

पहिला प्रश्न "कुणी केलं?" असा निघाला तर फार महागात पडतं. पुढच्या वेळी छोटा निखारा दिसला की पोरगं तो हाताने दाबून विझवेल आणि कुणाला सांगणार नाही. रुई पुढे जाईल, गाठीत बांधली जाईल, आणि चौथ्या दिवशी गोदाम पेटेल. धाकाने आग थांबत नाही, फक्त ती कळायला उशीर होतो. निखारा कळवणाऱ्याला ओरडा नाही, मशीन थांबल्याबद्दल पगारकपात नाही, हे मालकांच्या तोंडून सगळ्यांसमोर एकदा वदवून घ्या.

---

सातपुडा_पायथा

मुकादमाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

तुमच्या अकरा पोरांचा खरा इन्चार्ज तुम्ही नाही, मुकादम आहे. उचल त्याने दिलेली असते, घरी निरोप तोच देतो. तुम्ही पोरांना थेट हुकूम देऊ लागलात की त्याला वाटतं आपली जागा गेली, आणि एका सकाळी सगळी टोळी दिसत नाही. पण सगळंच त्याच्यामार्फत केलं तर सुरक्षिततेची गोष्ट पोरांपर्यंत अर्धी पोहोचते. म्हणून वाटणी उघड बोलून ठरवा. हजेरी, सुट्टी, जागा बदलणं, जेवणाखाण्याचं हे मुकादमामार्फत. मशीनवरचं शिकवणं, खुणा आणि "थांब" हा शब्द थेट तुमच्याकडून, आणि तेव्हा मुकादम शेजारी उभा. मजुरी मात्र प्रत्येकाच्या हातात किंवा खात्यात, त्याचा हिशेब पोराला कळेल असा.

भाषेचं बघा. पावरी बोलणाऱ्या पोराला मराठी कळते, पण घाईतली मराठी कळत नाही. मान डोलावतो म्हणजे समजलं असं नाही. त्याच्याकडून करून घ्या, वर शॉपफ्लोअर यांनी सांगितलंय तसं. "बंद", "थांब", "हात नको", "आग" या चारसाठी त्यांच्या बोलीतले शब्द त्यांच्याकडूनच शिका आणि भिंतीवर लिहा. साहेब आपला शब्द शिकतोय हे बघून अकरा जणांची पाठ सरळ होते.

आणि भोंगऱ्या! होळीच्या आधीच्या आठवड्यात पायथ्याच्या गावांचे भोंगऱ्या बाजार भरतात, मग होळी. ही माणसं तेव्हा जाणारच. दुप्पट मजुरी द्या, धमकी द्या, जाणारच, कारण वर्षाचा सण तो आहे. दरवर्षी हा विषय मार्चमध्ये भांडणाने सुटतो, तो जानेवारीत बसून सोडवा. व्रूम आणि येटन या अभ्यासकांनी १९७३ मध्ये निर्णयाबद्दल काही प्रश्न मांडले होते. त्यातले दोन इथे लागू पडतात: माहिती कुणाकडे आहे, आणि लोकांनी मनापासून पाळलं नाही तर निर्णय टिकेल का? कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी हे त्यांना माहीत आहे, आणि त्यांच्या मनाविरुद्धची रजापत्रिका टिकणार नाही. मग त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही चौकट द्या: रोज किमान सहा जण जिनवर हवेत, होळीचे दोन दिवस जिन बंद. कोण कधी जाणार ते मुकादम आणि पोरं मिळून लिहून देतील. चौकट तुमची, आतली नावं त्यांची.

वेचणाऱ्या बायांना "ए बाई" म्हणून हाक मारणारे इन्चार्ज पाहिले की वाईट वाटतं. मावशी, काकू, ताई म्हणा. आणि त्यांना विचारा. कुठल्या गावाहून आलेल्या कापसात प्लास्टिक सुतळी जास्त निघते हे ग्रेडरच्या आधी त्यांना कळतं, कारण ती रोज त्यांच्या बोटाला लागते. आठवड्याला एकदा ती माहिती काट्यावर पोहोचली तर घाण माल उतरवण्याआधीच अडवता येतो.

---

धरणगाव_जिनिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. वही आजपासून सुरू करतो, पंपाची लाइनही बघतो. चौथा प्रश्न राहिला: सूर बदलला की भरवसा जातो का? आणि एक नवी अडचण. दुसऱ्या पाळीचे इन्चार्ज पूर्ण धाकवाले आहेत. पाळ्या आठवड्याला फिरतात तेव्हा फिटर आणि प्रेसची टोळी त्यांच्याकडे जाते.

---

शॉपफ्लोअर_जळगाव

सूर बदलल्याने भरवसा जात नाही. न सांगता बदलल्याने जातो. म्हणून सूर बदलताना तोंडाने सांगा, नेहमी त्याच शब्दांत. "आता मी सांगतो तसं करा, कारण नंतर सांगेन." "आता तुम्ही सांगा, मी ऐकतो." "हे तुमचं, मी चहाला विचारीन." ही तीन वाक्यं पंधरा दिवसांत सगळ्यांच्या ओळखीची होतात. पहिल्या वाक्यातलं "कारण नंतर सांगेन" मात्र त्याच पाळीत पाळायचं. दोनदा विसरलात की पुढचं कुणी ऐकत नाही.

आणि काही गोष्टींत सूर कधीच बदलू नका: चालू मशीनमध्ये हात, बिडी, मजुरीचा हिशेब, शिवी. तिथे मुकादमाचा भाचा आणि मालकाचा पुतण्या यांना एकच नियम दिसला पाहिजे. हे चार खांब हलत नाहीत हे दिसलं की बाकी ठिकाणी तुम्ही वाकलात तरी लोक त्याला लहरीपणा म्हणत नाहीत.

ऐकतो म्हणून खोटं विचारू मात्र नका. निर्णय आधीच झाला असेल तर "काय वाटतं?" विचारायचं नाही. "हे ठरलंय, कसं करायचं ते ठरवू" एवढंच म्हणा.

---

रुईगाठ

दुसऱ्या इन्चार्जला उपदेश करू नका, ते मानणार नाहीत. पाळी बदलण्याच्या वहीत मशीनच्या नोंदींखाली माणसांच्या चार ओळी जोडा. उदाहरणार्थ:

"५ आणि ६ नंबरवरचा नवा: कापूस सोडणं जमतं, तुंबल्यावर काय करायचं ते अजून कच्चं. एकटा ठेवू नका."
"नाना: १४ नंबरचा रोलर त्यांनी बघायला घेतलाय, दुपारपर्यंत विचारू नका."
"प्रेस: रात्री कोरडा लॉट ठेवायचा असं टोळीशी ठरलंय, गंजी क्रमांक ३."
"पायऱ्या बदलल्या: ११ नंबरवरचा पोरगा आता स्वतंत्र."

यात कसं वागा हे कुठेच लिहिलेलं नाही, फक्त कोण कुठल्या कामात कुठे पोहोचलाय एवढंच आहे. धाकवाल्या इन्चार्जलाही ही माहिती उपयोगाची असते, कारण कच्चा पोरगा एकटा ठेवला तर मशीन त्याच्याच पाळीत तुंबतं. आणि प्रेसची तासावारी वही दोन्ही पाळ्यांची एकच ठेवा, शेजारी-शेजारी रकाने. कोरडा लॉट कुणाच्या रात्री वापरला गेला आणि कुणाच्या नाही, हे गाठींच्या आकड्यात आपोआप दिसेल. मालक तीच वही बघतात.